बदलायची होती बॅरल, चुकीचा निघाला बुश : एका एअर रायफलचं प्रकरण

हे प्रकरण ऐरोलीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या रायफलचं आहे. नाव लिहीत नाही, पण ठाण्यातली नेमबाजीची मंडळी ओळखतील कदाचित. मी ठाण्यात एका शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमधे १० मीटर एअर रायफल शिकवतो आणि मुलांच्या रायफली उघडून साफ करणं, स्क्रू बघणं, सील बदलणं हे पण मीच करतो. हे सगळं सविस्तर लिहायचं कारण एकच, तीन महिने त्या पोरीला सगळ्यांनी सांगितलं की तू टेन्शन घेतेस, आणि पोरगी बरोबर होती.

आधी रायफल काय ते सांगतो. जर्मन बनावटीची मॅच (स्पर्धेसाठी बनवलेली) रायफल, प्री-चार्ज्ड, म्हणजे पुढे २०० बारचा हवेचा सिलिंडर, एका वेळी एकच पेलेट (शिशाचा छोटा छर्रा) भरायची. सेकंडहँड घेतलेली पण चांगल्या हातातून आलेली, सोबत कंपनीचं टेस्ट कार्ड पण होतं, ज्यावर पाच पेलेटचं मिळून जवळपास एकच भोक दिसतं. या रायफलीवर पोरगी आरामात ६१६ च्या आसपास मारत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साठ फटके असतात, ७५ मिनिटं मिळतात, प्रत्येक फटका जास्तीत जास्त १०.९ म्हणजे टोटल ६५४. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि पेलेट साडेचार मिलिमीटरची, आणि पॉइंट एकचा प्रत्येक टप्पा म्हणजे पाव मिलिमीटर. हे पाव मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्याच्यावरच आहे. पेलेट दोन मिलिमीटर सरकली की १०.६ चा फटका ९.८ होतो, बस.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या बाबांनी रायफलीला बाहेरून घेतलेले पार्ट लावले. बाबा रबाळ्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत, हात चांगला आहे, लेकीसाठी जीव टाकणारा माणूस. नवीन बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आली, मागच्या साइटला (नेम धरायच्या भोकाला) ते भोक लहानमोठं करणारा नवीन आयरिस आला आणि पुढे बॅरलवर चढवायची लांब ट्यूब आली. ट्यूब कशाला लावतात तर मॅच एअर रायफलची खरी, आतून आटे (पिळाच्या खाचा) असलेली बॅरल साधारण ४२ सेंटिमीटरचीच असते, पेलेट लवकर बाहेर पडावी म्हणून, पण पुढची साइट जितकी लांब तितकी नेम धरण्यातली चूक डोळ्याला लवकर दिसते, म्हणून बॅरलच्या पुढे पोकळ ट्यूब लावून साइट पुढे नेतात. नियमात बसतं, फक्त सिस्टिमच्या (रायफलीच्या मुख्य यंत्रणेच्या) मागच्या टोकापासून ट्यूबच्या टोकापर्यंत ८५० मिलिमीटरच्या आत पाहिजे आणि सगळी रायफल साडेपाच किलोच्या आत. तिची ४.९ झाली होती, म्हणजे काहीच अडचण नव्हती.

अडचण दुसरीच होती. ट्यूब दुसऱ्या मॉडेलसाठी बनलेली, आतला व्यास २० मिलिमीटर आणि हिची बॅरल १६ ची. मग बाबांनी वागळे इस्टेटमधल्या एका शेडमधे अॅल्युमिनियमचा बुश, म्हणजे मधली फट भरणारी पोकळ नळी, करून घेतला, ४० मिलिमीटर लांब, भिंत दोन मिलिमीटरची. दिसायला एकदम सुंदर काम, अॅनोडाइझ पण केलेलं, मी स्वतः हातात घेऊन बघितला आणि छान म्हणालो.

जानेवारीपासून स्कोअर ६०८-६०९ वर आला. आता ६१६ वरून ६०८ म्हणजे बाहेरच्याला काय मोठं वाटणार, पण राज्य स्पर्धेत एवढ्यात तीस-चाळीस नंबर मागे जाता येतं. आणि पडण्याची पद्धत विचित्र होती. इलेक्ट्रॉनिक टार्गेटचे प्रिंट मी समोर ठेवले तर चोपन्न-पंचावन्न फटके आधीसारखेच घट्ट, आणि पाच-सहा असे की भलतीकडेच, ९.१, ९.३, एकदा तर ८.९. हे फटके बहुतेक उजवीकडे. मी विचारायचो काय झालं, ती म्हणायची "सर, सुटला तेव्हा दहा होता." प्रत्येक वेळी तेच. नेमबाजीत याला कॉल करणं म्हणतात, ट्रिगर सुटला त्या क्षणी साइट कुठे होती ते बघून फटका कुठे गेला असेल ते शूटरने आधी सांगायचं आणि मग स्क्रीन बघायची. तिचा कॉल नेहमी खरा असायचा. तरी मी काय केलं, तर श्वासाचे व्यायाम वाढवले. घरी आईने मोबाइल काढून घेतला. क्लबातल्या एका सिनियरने सांगितलं की दहावीचं वर्ष आहे, मन लागत नाही तिचं. पोरगी ऐरोलीहून ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकलने एवढी मोठी केस घेऊन यायची, दिघ्यानंतर गर्दीत केस पायाला लागते म्हणून लोकांची बोलणी खायची, आणि इथे येऊन आमची.

मला वाईट याचंच वाटतं की तांत्रिक माणूस मी आहे आणि मी पहिले दोन आठवडे तिच्या डोक्यात शोधत बसलो.

मग फेब्रुवारीत बाबांनी विषय काढला, सर बॅरल गेली असेल का. त्यांनी अमेरिकेतले व्हिडिओ बघितले होते, तिथे रुगर १०/२२ नावाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल लोक घरच्या टेबलावर उघडतात, दोन स्क्रू काढले की बॅरल हातात, नवीन जाड बॅरल टाकली की ग्रुप, म्हणजे फटक्यांचा पसारा, अर्ध्यावर. "दोन स्क्रूचं काम आहे सर, आपणही बदलून टाकू." कोटेशन पण मागवलं होतं त्यांनी, नवीन बॅरलचं, आणि तो आकडा त्यांच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता.

इथे मी त्यांना बसवून समजावलं आणि हे जरा नीट लिहितो कारण हल्ली खूप पालक तेच व्हिडिओ बघून येतात. १०/२२ ही रायफल १९६४ सालची. .२२ लाँग रायफल काडतुसाची, दहा काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझिन. तिची बॅरल रिसीव्हरमधे (रायफलीच्या मधल्या मुख्य सांगाड्यात) स्क्रूसारखी फिरवून आवळलेली नसते, एका व्ही आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी मागे खेचून धरलेली असते, म्हणून ती एवढी सहज निघते आणि म्हणूनच तिच्यासाठी ग्रीन माउंटन, वोल्क्वार्टसन, किड अशा कितीतरी कंपन्यांनी बॅरल, ट्रिगर, बोल्ट, सगळंच बनवलं. आणि तिथे बॅरल बदलून फरक खरंच पडतो, त्याला कारण आहे. ती स्वस्त, सगळ्यांसाठी बनवलेली रायफल आहे, कंपनीच्या बॅरलचा चेंबर (काडतूस बसायची जागा) मुद्दाम सैल ठेवलेला असतो कारण कुठलंही काडतूस, कसंही मळलेलं, आत गेलंच पाहिजे. या बाहेरच्या कंपन्यांच्या बॅरलमधे चेंबर घट्ट असतो, काडतूस मधोमध बसतं. पण फार घट्ट केला तर सेमी-ऑटो अडकते, बोल्ट दर फटक्याला स्वतः मागे जाऊन पुढे येतो ना, त्याला काडतूस ढकलायला जागा पाहिजे, म्हणून त्या लोकांनी बेंट्झ नावाचा मधला चेंबर काढला, मॅचपेक्षा सैल आणि साध्यापेक्षा घट्ट. म्हणजे तिथे पण नुसती बॅरल टाकली आणि झालं असं नसतं, बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून बाहेर काढणारा भाग), मॅगझिन सगळं जुळवावं लागतं.

आपल्या रायफलीचं तसं नाही. ही मुळातच मॅच रायफल आहे, बॅरल कारखान्यातूनच निवडून, टेस्ट करून आलेली, टोकाला चोक असलेली, म्हणजे आतून किंचित अरुंद केलेली. आणि एअर रायफलची बॅरल झिजते कशाने? बारूद नाही, गरम वायू नाही, मऊ शिशाची अर्ध्या ग्रॅमची पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने जाते. चुकीचा रॉड घालून टोक खरवडलं, किंवा पावसाळ्यात गंज धरला तरच जाते. मी टॉर्च लावून टोक बघितलं, भिंगातून, कडा स्वच्छ होती, आटे सगळे सारखे.

आणि कायद्याचं पण सांगितलं. अमेरिकेत बंदुकीचा रिसीव्हर म्हणजे बंदूक, बॅरल नुसता सुटा भाग, टपालाने घरी येतो. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ ची व्याख्याच अशी आहे की शस्त्रात शस्त्राचे भाग पण आले. कलम ६ प्रमाणे बंदुकीची नळी आखूड करायला सुद्धा परवाना लागतो. एअर रायफल ४.५ मिलिमीटरच्या आतली आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, त्याच्या वर गेली की लागतो. आपली मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या घरातली, त्यामुळे काही भीती नाही, पण व्हिडिओत बघून "जास्त पॉवरची" स्प्रिंग किंवा जास्त बोअरची (आतल्या व्यासाची) बॅरल टाकायचा विचार जे करतात त्यांनी हे आधी वाचावं. बाबांनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मग सर फटके जातात कुठे? बरोबर प्रश्न होता.

मी आधी पेलेटवर गेलो. पेलेटचं डोकं ४.४९ आणि ४.५० असं दोन मापात मिळतं, लॉट बदलला की ग्रुप बदलतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि डिसेंबरमधे तिने नवीन लॉटचे डबे घेतलेले. चार प्रकार आणले, दोन मापं, दोन कंपन्या, सगळ्या ०.५३ ग्रॅमच्या. दोन आठवडे गेले. ग्रुप थोडाफार कमीजास्त झाला पण ते भलतीकडे जाणारे फटके चारही प्रकारात येत राहिले. क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) मागून आणला, वेग दर फटक्याला दोन-तीन मीटरच्या आतच हलत होता, म्हणजे हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर पण ठीक. सिलिंडरवरची तारीख बघितली, दहा वर्षांच्या आत. स्टॉकचे (दस्त्याचे) दोन बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, एक जरा सैल होता, मला वाटलं सापडलं. नाही. दुसऱ्या दिवशी परत दोन फटके उजवीकडे.

मग एके रविवारी मुलं गेल्यावर मी पोरीलाच विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली "सर, ट्यूब लावल्यापासून मागची साइट मी खूप उजवीकडे नेली आहे, आधी मधे असायची." मी साइट हातात घेतली. खरंच, नॉब फिरवून फिरवून साइट मधल्या खुणेपासून पार लांब उजवीकडे गेलेली. हे माझ्या डोळ्यासमोर तीन महिने होतं. पुढची साइट ट्यूबवर बसते, ट्यूब उजवीकडे झुकली असेल तर नेम धरताना बॅरल आपोआप डावीकडे बघते, फटके डावीकडे जातात, आणि शूटर बिचारा मागची साइट उजवीकडे सरकवून ते भरून काढतो. म्हणजे ट्यूब वाकडी बसली आहे हे साइट स्वतः ओरडून सांगत होती.

पण वाकडी बसली तर सगळेच फटके सारखे सरकतील ना, मधूनच एखादा का? ट्यूब काढली. या ट्यूबच्या पुढच्या टोकाला एक टोपी आहे, तिला सहा मिलिमीटरचं भोक, पेलेट त्यातून जाते. टोपी काढून पांढऱ्या कागदावर ठेवली, खिडकीपाशी नेली. भोकाच्या आतल्या कडेला डाव्या बाजूला करड्या रंगाचा एक पातळ चंद्रकोरीसारखा थर होता, नखाने खरवडला तर चकचकीत शिसं. उजवी बाजू कोरी. पेलेट घासून जात होती. पोरीने ते बघितलं आणि काही बोललीच नाही, टोपी बोटांत धरून नुसती फिरवत राहिली.

तरी पुरावा पाहिजे होता कारण मी याआधी दोनदा "सापडलं" म्हणून मोकळा झालो होतो. अडचण अशी की ट्यूब काढली की पुढची साइट जाते, नेम धरता येत नाही, म्हणून ट्यूबशिवाय मारून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण व्हाइसमधे (शेगड्यात) रायफल बांधली तर नेम कशाला पाहिजे, रायफल हलत नाही, कागद हलत नाही, बास. लाकडाचे ठोकळे आणि चामडं लावून रायफल व्हाइसमधे घट्ट धरली, हॉल रिकामा, दार बंद, प्रत्येक दहा फटक्यांनंतर सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण). ट्यूबशिवाय तीस फटके, दहादहाचे तीन ग्रुप, तिन्ही ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेपाच मिलिमीटरच्या आत. पेलेटच साडेचारची, म्हणजे बॅरल उत्तमच. मग ट्यूब लावली, तीच पेलेट, तोच डबा. तीस फटक्यांत चार बाहेर, चारही उजवीकडे. ट्यूब परत काढली, परत घट्ट. बाबा मागे उभे होते, त्यांनी मोबाइल काढला आणि बॅरलचं कोटेशन पाठवणाऱ्याला तिथेच नको म्हणून मेसेज टाकला.

पुढचं काम वागळे इस्टेटला. त्याच शेडमधे गेलो, आणि हे सांगितलंच पाहिजे की त्या कारागिराची चूक म्हणता येणार नाही. त्याला ड्रॉइंग दिलंच नव्हतं, आतलं माप आणि बाहेरचं माप तोंडी सांगितलं, त्याने आधी भोक केलं, मग जॉब उलटा करून परत लेथच्या चकमधे (पकडीत) धरला आणि बाहेरून टर्न केला, म्हणजे फिरवून कापला. दुसऱ्यांदा चकमधे धरताना जॉब किंचित तिरका बसला, म्हणजे आतलं भोक आणि बाहेरचा व्यास यांचा अक्ष एक राहिला नाही. मॅन्ड्रेलवर (सरळ दांड्यावर) बुश चढवून डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावला. चाळीस मिलिमीटर लांबीत अक्ष ०.१५ मिलिमीटरने तिरका. ०.१५ म्हणजे काहीच नाही, पाण्याच्या पंपाच्या कामात कोणी बघणार पण नाही. पण ट्यूबची टोपी बुशपासून १७० मिलिमीटर पुढे आहे, सवाचार पट. तिथे तो फरक ०.६४ होतो. सहाच्या भोकातून साडेचारची पेलेट जाते तर दोन्ही बाजूला पाऊण-पाऊण मिलिमीटर जागा, त्यातले ०.६४ गेले, उरला एक दशांश मिलिमीटर. ट्यूब आवळणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू जरा सैल झाला, केस लोकलमधे आपटली, ट्यूब किंचित हलली की तोही संपला. म्हणून कधी घासायची आणि कधी नाही. कारागिराने स्वतःच कागदावर हे गणित केलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, हे बंदुकीचं आहे हे सांगितलं असतं तर एका सेटिंगमधे केलं असतं." आणि केलं. नवीन गज घेऊन एकाच पकडीत आतून बाहेरून दोन्ही टर्न केला, मग कापून काढला. डायलवर काटा जवळजवळ हललाच नाही. पैसे घेत नव्हता, बाबांनी जबरदस्तीने दिले.

नवीन बुश लावल्यावर मागच्या साइटचा नॉब ती फिरवत गेली, फिरवत गेली, आणि साइट जवळपास मधल्या खुणेवर आली तेव्हा फटके मधे पडायला लागले. व्हाइसमधे ट्यूब लावून साठ फटके मारले, एकही बाहेर नाही. टोपीचं भोक रोज बघितलं, कोरं.

स्कोअर मात्र लगेच आला नाही. पहिल्या आठवड्यात ६११. कारण तीन महिन्यांत तिला सवय लागली होती की फटका सुटायच्या आधीच घाबरायचं, हा पण जाणार का म्हणून, आणि त्यात ट्यूबच्या वजनाने रायफल पुढे जड झाली होती, ते वजन पेलायला तिने कमरेतून जास्त मागे झुकायला सुरुवात केली होती, माझ्या लक्षात ते पण उशिरा आलं. बट प्लेट चार मिलिमीटर खाली घेतली, पुढचं एक वजन काढलं, स्टॉकमधे मागे थोडं टाकलं. वाढत्या वयाच्या मुलीच्या पाठीचा प्रश्न आहे, रायफल नियमात बसते म्हणून पाठीत बसते असं नाही. मार्चअखेर ६१५, मग ६१८. आता ती कॉल करते आणि मी स्क्रीनकडे बघायच्या आधी तिच्याकडे बघतो.

जुना बुश बाबांनी टाकला नाही, रबाळ्याला त्यांच्या टेबलावर आहे, नवीन पोरांना डायल कसा लावायचा ते त्याच्यावर शिकवतात म्हणे. आणि पोरीने घरून आईचं लाल नेलपॉलिश आणून ट्यूब, बुश आणि बॅरल तिघांवरून आडवी जाणारी एक बारीक रेघ मारली आहे. ठाणे स्टेशनवरून हॉलवर आली की केस उघडून आधी ती रेघ सलग आहे का ते बघते, मग ग्लोव्ह घालते.